विहिणीच्या हातचा पेढा

सुपारी फुटायच्या आधी विहिणींनी एकमेकींचं तोंड गोड करायचं, ही रीत. रीत कसली, कुस्तीच ती. समोरचीनं पेढा कोंबायचा, आपण नको नको म्हणत लाजायचं आणि शेवटी गिळायचा. जालना रोडवरच्या हॉलात दोन्हीकडची माणसं जमली होती. नवऱ्यामुलाची आई, सिल्लोडच्या भागूबाई, पेढा घेऊन नवरीच्या आईच्या, चंपाबाईच्या तोंडापाशी आल्या.

चंपाबाईनं तोंड उघडलंच नाही.

तिच्या आईचा पाय शुगरपायी गुडघ्यापासून गेला होता. तीच शुगर चंपाबाईच्या रक्तात निघाली, तेव्हा तिनं गोड सोडलं आणि पहाटे सिडकोतल्या बागेत चालायला लागली. साडीखाली बूट बघून गल्लीतल्या बाया पदराआड हसल्या. हसू देत. चालणं जमलं. खरा छळ आग्रहाचा होता. आधी ती जवळच्यांच्या घरी घासभर खायची, पण नात्यात ते भागत नाही. नणंदेकडची जिलेबी चालते, मग आमच्या बुंदीनं काय पाप केलं, म्हणून जाऊ रुसायची. जावेकडं खाल्लं की मावशी तयारच. अशा घासांपायी चालून कमावलेलं सगळं एका लग्नसराईत पाण्यात गेलं. तेव्हापासून तिनं ठरवलं, कुणाच्याच हातचं नाही. प्रसादसुद्धा कपाळाला लावून दुसऱ्याच्या हातावर.

त्यात करमाडचा सख्खा भाऊ दुखावला. मोतीरामनं वास्तुशांतीला बहिणीच्या ताटात स्वतः पुरणपोळी वाढायला घेतली, आणि तिनं हात आडवा धरला. त्या दिवसापासून त्यानं बोलणं टाकलं. भाचीची सुपारी म्हणून आज आला होता खरा, पण भिंतीला टेकून, तोंड फिरवून बसला होता. विहिणीचा पेढा खाल्ला, तर भावाला मुद्दाम हिणवल्यासारखं होणार. नाही खाल्ला, तर लेकीचं, निशाचं जमत आलेलं लग्न फिसकटणार. आणि निशाला भागूबाईंचा अभय मनापासून आवडला होता.

"घ्या की इनबाई. एका पेढ्यानं काय व्हतंय?" भागूबाई म्हणाल्या.

"खा ना," चंपाबाईचा नवरा बद्रीनाथ दातांतल्या दातांत पुटपुटला. "उद्या जास्त चाल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईचा पाय कापला तेव्हा याच बद्रीनाथनं दवाखान्यात हंबरडा फोडला होता. आता त्यालाच पेढा एवढासा दिसत होता.

"नाय," ती मोठ्यानं म्हणाली. "मला शुगर हाय. तुमच्या हाताला नावं ठेवत नाय, पण गोड मी कुणाच्याच हातचं खात नाय."

भागूबाईंचा चेहरा उतरला. "कुणाच्याच? का आमच्याच?"

"कुणाच्याच नाय!" मागून मोतीराम गरजला. तो उठून उभा राहिला होता, डोळे लाल. "माझ्या वास्तुशांतीला पोळी नाय घेतली हिनं. सख्ख्या भावाची! तुमचं काय घेऊन बसलात? मी आजून बोलत नाय तिच्याशी."

"आता बोललास की, दादा."

"इनबाईंशी बोललो. तुझ्याशी नाय," तो गुरकावला आणि खाली बसला.

चंपाबाईची मान ताठच राहिली.

भागूबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "लई हट्टी हायत तुम्ही. पोरगी बी अशीच हाय का?"

पोरगी गाय आहे हो, असं म्हणायला बद्रीनाथनं तोंड उघडलंच होतं.

"अशीच हाय," चंपाबाई त्याच्या आधी म्हणाली. "मीच तिला तशी वाढवलीय. पटत असंल तर न्या, नायतर सुपारी राहू द्या."

निशानं मान वर केली आणि सासूकडं सरळ पाहिलं.

भागूबाईंनी एकदा आईकडं, एकदा लेकीकडं पाहिलं. मग पेढा त्यांनी स्वतःच्याच तोंडात टाकला आणि भरल्या तोंडानं म्हणाल्या, "फोडा सुपारी."