आपली सायकल

चष्म्याची दांडी किती वाकवायची ते कान ठरवतो.

टोपलीत आता बटाटे असतात.

"आधी दोघांच्या डोक्याचे आटे आवळा, मग सायकलचे," सासूबाई.

कालव्याची वाट सरळ जाते. आमचं घर डावीकडे.

लोखंडाचा कीस केरसुणीला चिकटत नाही, फरशीलाच चिकटून बसतो.

"दुकानात कशाला द्यायची? आपणच करू."

हे शेवटचं नवऱ्याचं. इथूनच सुरू करते.

*

मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करते. काचा घासून चौकटीत बसवायच्या, दांड्या वाकवायच्या, नाकावरच्या गाद्या बदलायच्या. कामावर सायकलने जाते, म्हणजे जायचे. येताना कालव्याचा पूल लागतो. पूल ओलांडला की डावीकडे घर. सरळ गेलं तर कालव्याच्या काठाची वाट. आधी माती, मग खडी, मग जंगल आणि घाट, आणि माथ्यावर तलाव, जिथून हा कालवा निघतो. रोज त्या पाण्याच्या कडेने यायचं आणि ते येतं कुठून ते बघायचं नाही, हे मला सलायला लागलं होतं. एकदा जेवताना बोलून टाकलं. सायकलने तलावापर्यंत जायचंय, वाटेत मुक्काम करत.

सासूबाईंनी विचारलं, "तिथे काय आहे?"

"पाणी."

"नळाला येतं ते?"

"तेच."

"मग नळ बघ."

नवरा हसला, पण लगेच थांबला. तो विमा कंपनीत दावे तपासतो, म्हणजे कुणाचं काय मोडलं ते टेबलावर बसून ठरवतो. हाताने काही करायला मिळालं की त्याचे डोळे चमकतात.

"ह्या सायकलने? ही बाजारहाटाची म्हातारी आहे. खडीवर पहिल्याच दिवशी बसकण मारेल. हिला तयार करायला लागेल." मग म्हणाला, "आपण करू. आपण जाऊ."

माझ्या एखाद्या खुळाला त्याने 'आपण' म्हणावं, याचं मला इतकं अप्रूप वाटलं की मी त्याच्या ताटात आणखी वाढलं. त्याने मागितलं नव्हतं.

*

टायर. जुने गुळगुळीत, दोन बोटं रुंद. नवे दातेरी, जाडजूड. मडगार्डात मावेनात.

"मडगार्ड काढू आपण."

"मग चिखल उडेल. मला कामावर जायचं असतं."

"कामावर जायला बस आहे की."

मडगार्ड गेले. ओल्या रस्त्यावरून दुकानात पोचले तेव्हा मालक माझ्या पाठीवरची चिखलाची उभी रेघ बघून म्हणाले, "कणा बाहेरून काढून घेतलास का?"

पुढची टोपली गेली. सासूबाईंनी ती वाया जाऊ दिली नाही.

मागे बशीएवढं दातेरी चक्र बसलं, चढावर पाय हलके पडावेत म्हणून. हे उत्तम झालं. मुद्दाम सांगते, नाहीतर वाटेल मला सगळ्यालाच नाक मुरडायचंय.

मग हँडल. आधी मी ताठ बसायचे. आता ओणवं व्हावं लागे, आणि मान दुखायची.

"सवय झाली की बरं वाटेल," तो म्हणाला.

आमच्या दुकानात हे वाक्य बोलायला बंदी आहे.

*

प्रत्येक बदलानंतर चाचणी असे. चाचणी तोच घ्यायचा. पुलापलीकडे जाऊन यायचा, घामाघूम, तोंडभर हसत. इतका हसरा तो मला एरवी दिसत नाही, म्हणून चाचण्या त्याच्याकडेच राहू दिल्या. संध्याकाळी तो सीट वर करायचा, सकाळी मी खाली. सीटच्या दांड्यावर दोन गोल चरे पडले, एक माझा, एक त्याचा. मध्ये चार बोटं.

मग त्याने लांब दांडा आणला.

"जुना कुठाय?"

"भंगारात दिला. गंजला होता."

गंजला नव्हता. पुसणारी मी.

*

रविवारी भाऊजी आले, नवऱ्याचे धाकटे भाऊ. कोरी करकरीत सायकल घेऊन.

"वहिनी, तुमच्या सायकलीचा कायापालट झालाय. दादा रोज फोटो पाठवतो."

मला एकही आला नव्हता. मी तर त्याच घरात राहते, मला कशाला.

दोघे सायकलीपुढे गुडघे टेकून बसले. मी चहा आणला तेव्हा नवरा म्हणत होता, "आपण बाटल्या कुठे लावायच्या?" म्हणताना बघत होता भाऊजींकडे. मला वाटलं, 'आपण'मध्ये तीन माणसं मावतात. मावतातच.

सीटखालच्या नळीला त्यांनी भोकं पाडली आणि बाटलीची पकड रिव्हेट ठोकून बसवली.

"स्क्रूने लावली असती," मी म्हटलं.

"खडीवर ढिले होतात ते. आता जन्मात हलणार नाही."

*

गुरुवारी रात्रीच्या जेवणात तो मला म्हणाला, "आम्ही शनिवारी निघतोय."

सासूबाईंचा घास हातातच राहिला.

'आपण' म्हटलं की ऐकणारा आत असतो. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा दाराबाहेर. पोरंसोरंसुद्धा इथे चुकत नाहीत. तोही चुकला नव्हता.

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि हा. धाकटा."

"आणि मी?"

"तुला सुट्टी कुठे आहे?"

"उद्यापासून आहे. तुला दोनदा सांगितलं."

"अगं, आधी आम्ही रस्ता बघून येतो. घाट अवघड आहे म्हणतात. मग जाऊ ना आपण."

"कशावर?"

"कशावर म्हणजे?"

"सायकल एकच आहे."

तो पाणी प्यायला. विचार करतोय असं दिसावं इतका वेळ प्यायला. "तुला दुसरी बघू. साधी, टोपलीवाली. ही आता तुला झेपायची नाही."

सासूबाई म्हणाल्या, "तिची नेतोयस, तर विचारून तरी ने."

"तिची काय आणि माझी काय, आई. आपलीच आहे ना."

"मग 'आम्ही' का निघालात?" मी विचारलं.

"शब्दात नको पकडूस. दिवसभर दावे तपासून डोकं उठलंय."

मी शब्दात पकडलं नव्हतं. शब्द त्याच्या तोंडातून आपणहून बाहेर पडला होता.

*

शुक्रवारी तो कामावर गेल्यावर मी कपडे भरले. सायकलीच्या मागच्या पिशवीत त्याचं सामान आधीच भरलेलं होतं. ते खाटेवर नीट रचून ठेवलं. सासूबाई दारात बसल्या होत्या, टोपली पुढ्यात घेऊन. बटाटे निवडत राहिल्या.

पान्याने सीटची पकड सैल केली आणि दांडा खाली दाबला. थोडा गेला. टक. पुन्हा दाबला. टक. नळीत रिव्हेटांची टोकं आली होती आणि लांब दांडा त्यांच्यावर टेकला होता. सोमवारपासून मी बसनेच जात होते, म्हणून आधी कळलं नव्हतं. माझ्या उंचीपर्यंत जायला चार बोटं उरली होती. चार बोटं म्हणजे काही नाही. दांडा कापता आला असता, पण करवतीचं पातं मोडलेलं होतं, त्यांच्या रविवारच्या उद्योगात.

तशीच निघाले. पायरीवर चढून बसले, भिंतीला धरून.

पूल आला. डावीकडे वळले नाही.

मातीत टायर असे धरत होते की मला हसू आलं. खडीवर सायकल थरथरली, पण ढळली नाही. चढ आला आणि मी ते बशीएवढं चक्र लावलं, आणि पाय पाण्यातून फिरवावेत तसे फिरले. पॅडल खाली गेलं की टाच सुटायची आणि बोटांनी ढकलावं लागायचं, तरी फिरत होते. सायकल खरोखर चांगली झाली होती. हेच वाईट.

पुढे वाटेत आडवं फाटक होतं, गुरं अडवायला घालतात तसं. मी ब्रेक दाबला आणि पाय टेकायला गेले, तर खाली जमीन नव्हती. म्हणजे होती, चार बोटं खाली.

पडताना मी सायकल वाचवायला गेले, म्हणून तळहात फुटला.

परत बसायला गेले. पायरी नव्हती, भिंत नव्हती. फाटकाचा आधार घ्यावा तर ते हलायचं. सामानाने जड झालेली सायकल कलती करून पाय टाकेपर्यंत ती दुसऱ्या बाजूला आडवी व्हायची. एक म्हातारा पलीकडून येत होता. म्हणाला, "कुणाची चालवतेस, बाई? मापाची नाही ती." मी म्हटलं, "माझीच आहे." त्याने फाटक उघडून धरलं, मी पलीकडे जाईन या समजुतीने. मी सायकल वळवली आणि हातात धरून चालत घरी आले.

*

नवरा दारात होता. आधी सायकलीपाशी वाकला.

"पॅडल घासलंय. कुठे पाडलीस?"

"फाटकापाशी."

"उद्या निघायचंय आम्हाला. सांगून तरी न्यायचीस."

मग त्याने माझा हात बघितला आणि म्हणाला, "बघ, म्हणूनच म्हणत होतो."

सासूबाईंनी हात उजेडाकडे ओढला आणि सुईने खडे काढायला बसल्या. "मी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. काय सांगितलं होतं ते त्यांनाही आठवेना. बाहेर तो माझे कपडे पिशवीतून काढून त्याचे भरत होता. घड्या घालत होता. चांगल्या घालतो तो घड्या.

*

मी सुट्टी रद्द केली. मी काउंटरवर असताना एक बाई आल्या, नवऱ्याचा जुना चष्मा स्वतःला बसवून द्या म्हणत होत्या. मी म्हटलं, बसणार नाही. त्या म्हणाल्या, सवय होईल. मी म्हटलं, होईल, पण बसणार नाही. मालकांनी आतून डोकावून बघितलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोटो आला. मागे तलाव, अपेक्षेपेक्षा लहान. कठड्याला दोन सायकली टेकवलेल्या. खाली त्याने लिहिलं होतं, "आपली सायकल पोचली."

*

लग्नानंतरच्या हिवाळ्यात त्याला सायकल मी शिकवली, आणि त्याचे दोन्ही पाय टेकावेत म्हणून सीट पार खाली घेतली होती.