मधातलं कवाड

चुना मीच आणला. माहा नवरा श्याम त गाडीवरून उतरल्यापासून तोंड पाडून बसला होता, जसं काही मी त्याले चोरी करायले घेऊन आली. आता चोरीच होती म्हणा, पण म्हणून तसं तोंड करायची काय गरज?

तिवशाजवळच्या गावात माह्या सासऱ्याचं घर. सासरे तिथंच जगले, तिथंच गेले, पण घराचा सरकारदरबारी कागद म्हणून नाही. अख्ख्या गावठाणाचीच ती गत. आता ड्रोन येणार होतं. ज्यानं त्यानं आपल्या घराभवती चुन्याची रेघ मारून ठेवायची, वरून फोटो निघणार, अन् रेघेच्या आत जे येईल त्याचं मालकीचं कार्ड त्याच्या नावानं बनणार. ग्रामसेवकानं भोंग्यावरून सांगतलं होतं, "ज्याची चूल येगळी, त्यानं रेघ येगळी मारा."

बस, इथंच गाडी अडली. आमच्या मागे, मागच्या गल्लीकडे तोंड करून, मैनाआत्याबाईची खोली आहे. ती माह्या सासऱ्याची बहीण. नवरा गेल्यावर भावाकडे आली, पण भावाच्या जिवावर नाही बसली बाई. लोकाच्या वावरात कापूस वेचला, आपल्या पायानं मातीचा गारा तुडवला अन् खोली उभी केली. चूल तिची पहिल्यापासून येगळी. तिचं आंगन अन् आमचं आंगन, मधात छातीएवढी भिंत, अन् त्या भिंतीत एक कवाड. ते कवाड लागलेलं मी कधी पाह्यलं नाही.

आम्ही राहतो अकोल्याले, किरायानं. श्याम औषधाच्या दुकानात कामाले. गावातल्या खुशालरावाले सिमेंटच्या गोदामासाठी आमची जागा विकत पाहिजे होती, पण गल्लीपर्यंत अख्खी, अन् कार्ड हातात आल्यावरच. मी त फ्लॅटही पाहून ठेवला होता. आत्याबाईले कुठं ठेवायचं? "आपल्याकडे नेऊ," मी म्हटलं. श्याम म्हणे, "कोणत्या खोलीत?" मी त्याच्यावरच भडकली. उत्तर नसलं की मी भडकते, माहा स्वभावच तसा.

त त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघांनी एकच रेघ मारली. समोरून निघालो ते आत्याबाईच्या उंबरठ्यापुढून फिरून परत समोर. तिची खोली आमच्या पोटात.

ती दारात येऊन उभी राहिली. "काय करून राहिले वं?"

"सरकारी मोजणी आहे, आत्याबाई. अख्ख्या घराची एकच रेघ राहते," मी बिनधास्त फेकलं. "सकाळी सडा टाकू नका बरं, पुसून जाईल."

"बरं झालं सांगतलं पोरी. मी त टाकलाच असता." अन् त्या कवाडातून ती आमच्यासाठी भाकरी अन् ठेचा घेऊन आली. श्याम मान खाली घालून जेवला. ठेचा तिखट झाला म्हणून मी डोळे पुसले, तर आत्याबाई उठून दही घेऊन आली.

सकाळी उठून पाहते त आत्याबाई खोलीत नाही. गल्लीत गेली. ती आपल्या उंबरठ्यापुढे उकिडवी बसून, रांगोळीचा डबा जवळ घेऊन, चिमटी-चिमटीनं आमची रेघ भरून राहिली होती!

"कोणाच्या तरी बकऱ्या गेल्या वं इथून," ती म्हणे. "सगळी रेघ तुडवली. चुना सापडला नाही मले, मंग म्हटलं रांगोळीनंच भरू. ड्रोनले दिसते ना रांगोळी?"

श्यामनं मारली होती त्यापेक्षा सरळ रेघ होती ती. आपलीच खोली आपल्याच हातानं आम्हाले देऊन राहिली होती, अन् वरून काळजी आमच्या कामाची. मले एवढी लाज वाटली! माही माय मी लहान असतानाच गेली. माही पोरगी प्राजक्ता झाली तेव्हा माहं बाळंतपण ह्याच बाईनं केलं. त्याच कवाडातून शेकायची शेगडी घेऊन यायची. ते सगळं मले काल आठवलं नव्हतं असं नाही. आठवलं होतं, तरी मी चुना टाकत गेली.

मी चुन्याचं घमेलं उचललं.

"आता काय?" श्याम.

"तिची रेघ येगळी मारते."

"अन् खुशालराव?"

"खुशालराव गेला उडत."

श्यामचा चेहरा असा उजळला की मले अजूनच राग आला. "तुमाले हेच पाहिजे होतं त काल तोंडात काय गुळणी धरली होती?"

पण भिंतीपाशी पहिली मूठ टाकली नाही त आत्याबाईनं माहा हातच धरला. "काय करून राहिली तू? भाऊ गेला न् आता त्याच्या घरात रेघ मारते? मी काय परकी आहो?"

"तुमच्याच भल्यासाठी, आत्याबाई."

"मले नाही पाहिजे असं भलं. टाक ते घमेलं खाली."

ती काही ऐकेना. तिकडे मारुतीच्या देवळाकडून ड्रोनची घूं-घूं सुरू झाली. आता खरं सांगितल्याशिवाय गत नव्हती.

"आत्याबाई, आम्ही घर विकून राहिलो. तुमच्या खोलीसकट. तुमाले न सांगता."

तिनं श्यामकडे पाह्यलं. श्याम पायानं माती उकरत राहिला. तिनं शिव्या दिल्या असत्या त बरं झालं असतं. पण ती हळूच म्हणे, "अन् मले कुठी ठेवत होते रे?"

"ठरवलं नव्हतं," मी म्हटलं. खरं तेच होतं, अन् कालच्या खोट्यापेक्षा ते जास्त वाईट होतं.

तिनं माह्या हातातून घमेलं घेतलं. गल्लीपासून सुरू केलं अन् भिंतीच्या कडेकडेनं रेघ मारत आली. आम्ही दोघं मागेमागे, सजा झाल्यासारखे. कवाडापाशी येऊन तिचा हात थांबला.

"सीमे, हे कवाड कोणाकडे ठेवू?"

"तुमच्याकडे ठेवा, आत्याबाई," मी म्हटलं. "तुमचंच आहे ते."

ती घमेलं घेऊन आपल्या आंगनात गेली, अन् कवाड ओढून घेतलं. एवढ्या वर्षात पहिल्यांदा ते लागलं.

"राहू दे तुमच्याकडेच," ती पलीकडून म्हणे. "मले यायचं असलं त गल्लीतून फिरून समोरून येत जाईन. लोकं येतात तशी."

अन् कवाडाच्या खालच्या फटीतून, तिच्या बाजूनं पडणारा चुना आम्हाले दिसत राहिला.