मागच्या सीटवरची माणसं

मी एक निळी स्कूटर. निळी होते म्हणा. आता रंग कुठे कुठेच उरलाय. हैदराबादच्या काचीगुड्यात, स्टेशनमागच्या गल्लीत, एका जिन्याखाली मी उभी आहे.

मला हर्षदनं आणलं. तो फौजेत हवालदार. लग्नानंतरच्या सुट्टीत रश्मीला मागे बसवून त्यानं सारं शहर दाखवलं. हुसेनसागर तलावाच्या बांधावर, टँकबंडवर, वारा सुटला की ती पदर आवरायची आणि हा मुद्दाम वेग वाढवायचा. सुट्टी संपली. मला जुन्या चादरीनं झाकून तो काश्मीरला गेला.

रश्मी रोज माझी चादर झटकायची, पण चालवायची हिंमत नव्हती. समोरच्या गॅरेजवाले यूसुफभाई एक दिवस म्हणाले, "भाभी, खडे खडे गाडी खराब होती. सीख लेव."

"पडले तर?"

"गिरे तो मैं उठातूं. डरना नक्को!"

मैदानावर ते तिच्यामागे धावायचे. माझ्या मडगार्डवरचा पहिला पोचा तेव्हाचा.

मग भामा आली. हर्षदच्याच पलटणीतल्या जवानाची बायको, साताऱ्याकडची. दिवस गेलेले, विद्यानगरला एका खोलीत एकटी; ना तेलुगू येई, ना उर्दू. रश्मी तिला तपासणीसाठी सिकंदराबादच्या लष्करी दवाखान्यात न्यायची.

"ताई, खड्डा आला की सांगा हं. मी बाळाला धरते."

प्रत्येक खड्ड्याआधी रश्मी ओरडायची, "धर!" इतकी जपून मी कधीच चालले नव्हते.

एका दुपारी पलटणीचा फोन आला. चौकीवर गोळीबार झाला होता. भामाचा नवरा सुखरूप होता; हर्षदचा पाय गेला होता. रश्मी जिन्यातच बसून राहिली. यूसुफभाईंनी गॅरेजचं शटर ओढलं आणि तिच्याजवळ येऊन उभे राहिले. पोट सांभाळत, दोन बस बदलून भामा आली. रश्मीला कुशीत घेऊन म्हणाली, "ताई, आज मी तुम्हाला धरते." मग कुठे रश्मी रडली.

हर्षद कुबडी घेऊन घरी आला. माझ्याकडे बघायचासुद्धा नाही. एके सकाळी रश्मीनं मला बाहेर काढलं.

"बसा. दवाखान्यात जायचंय."

"रिक्षा बोलाव."

"का? बायकोच्या मागे बसायची लाज वाटते?"

त्यानं एका हातानं माझी सीट धरली. मग कुबडी मांडीवर आडवी घेऊन बसला. टँकबंडवर रश्मीनं वेग वाढवला.

"हळू गं!" तो ओरडला, आणि दोघंही मोठ्यांदा हसली. ते हसू मला अजून आठवतं.

पुढे किती जणी माझ्यावर शिकल्या! ज्यांचे नवरे दूर सीमेवर, अशा सगळ्यांना रश्मी म्हणायची, "ये, तुला शिकवते." माझ्या अंगावरचा एकेक पोचा त्यांच्यातल्या कुणाचा ना कुणाचा आहे.

आता हर्षद नाही. माझं इंजिन बंद पडलंय, आणि उद्या भंगारवाला येणार आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही. काळजी वाटते ती वरच्या मजल्यावरच्या सुप्रियाची. तिचा नवरा नौदलात, महिनोन्‌महिने समुद्रावर. भाजी, औषधं, टॅक्सी, सगळं तिला मोबाइलवर मिळतं. तरी संध्याकाळी ती माझ्याशेजारी पायरीवर येऊन नुसती बसते.

तुमच्याही इमारतीत अशी कुणी असेल. तिचं दार वाजवा. काय बोलायचं ते आपोआप सुचेल.

आत्ताच रश्मी खाली आलीय. गुडघे दुखतात, म्हणून कठडा धरत ती सुप्रियाशेजारी टेकली.

"जेवलीस?"

"ऑर्डर केलंय, आंटी."

"ते राहू दे उद्याला. पिठलं टाकलंय. मला एकटीला जेवण जात नाही गं."

सुप्रियानं मोबाइल खिशात ठेवला. मग आधी स्वतः उठली, आणि रश्मीला उठवायला हात पुढे केला.