अबलख घोडी

एल्दियार राजधानी बिश्केकमधल्या एका खाजगी कॉलेजात सार्वजनिक धोरण शिकत होता. म्हणजे नक्की काय, हे नारीनकडच्या त्याच्या डोंगरी गावात कुणालाच कळलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं त्यालाही कळलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी त्याने एक निबंध लिहिला. मयताच्या जेवणासाठी घोडं कापायला कायद्याने बंदी घालावी, पाहुण्यांना मांसाच्या पिशव्या बांधून देणं थांबवावं, असं त्यात होतं. सरांनी तो वर्गात वाचून दाखवला. सुट्टीत एल्दियारने तो घरी वाचला, तर थोरले सातार काका ताटावरून उठून गेले. आजोबा मात्र पोट धरून हसले.

त्याच सुट्टीच्या अखेरीस आजोबांनी अंथरूण धरलं. काकांसमोर मरणाचा विषय काढायची सोय नव्हती, ते लगेच बाहेर जायचे. म्हणून एका दुपारी आजोबांनी नातवालाच जवळ बसवलं. माझ्यामागे अबलख घोडी कापू नका, ती गाभण आहे, म्हणाले. घोडीचं पोट अजून दिसतही नव्हतं.

चार दिवसांनी आजोबा गेले. अंगणात तंबू उभा राहिला, घरचे पुरुष रिवाजाप्रमाणे कमरेला पट्टा बांधून, काठी टेकून दाराशी रडायला उभे राहिले. काका दोर घेऊन गोठ्याकडे निघाले तेव्हा एल्दियार मागोमाग गेला आणि त्याने आजोबांचा निरोप सांगितला.

काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"निबंध तुझा आणि तोंड बाबांचं? वा रे वा."

"काका, खरंच ती गाभण आहे. आजोबाच म्हणाले."

"परवा कायदा होता, आज शिंगरू निघालं. आणखी काय काय शिकवतात रे तिकडे?"

आता काकांना तरी दोष कसा द्यायचा? बापाला घोड्याऐवजी मेंढरावर बोळवलं, असं गावाने म्हटलेलं कुठल्या लेकाला चालेल? विरोधकांची समजूत कशी घालावी यावर कॉलेजात अख्खं सत्र गेलं होतं. एल्दियारला त्यातलं एक वाक्य आठवेना. तो निबंध लिहिलाच नसता तर काकांनी आपलं ऐकलं असतं, एवढं मात्र त्याला स्वच्छ कळलं. तो परत येऊन रांगेत उभा राहिला आणि मोठ्याने रडला. नातवाचा जीव होता हो म्हाताऱ्यावर, असं बायका म्हणाल्या.

तासाभराने काका गोठ्यामागून आले. कोपरापर्यंत हात रक्ताने माखलेले. ते एल्दियारपुढे येऊन थांबले. त्याने चंबू उचलला आणि त्यांच्या हातांवर पाणी धरलं.

"तळहाताएवढं होतं," काका खाली बघत म्हणाले.

एल्दियार पाणी घालत राहिला.

"बाबा आणखी काही म्हणाले होते का?"

सांगावं की नाही, याचा त्याने जरा विचार केला.

"म्हणाले, तू शिकलेला आहेस, तुझं ऐकतील."

काकांनी मान हलवली. चंबूतलं पाणी संपलं होतं, हात अजून लालच होते. एल्दियार आणखी पाणी आणायला गेला.