बसव्वाचं वायफाय

दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात रक्षिता पहिल्या एस.टी.नं कोल्हापूरहून गडहिंग्लजला पोचली, तेव्हा मल्लिकार्जुनकाकांच्या दूध संकलन केंद्रापुढं किटल्यांची रांग लागली होती. काट्यावरचं वजन वायफायनं कॉम्प्युटरला पाठवणारं यंत्र तिच्या ऑफिसचं, त्यातला प्रोग्रॅम तिनं लिहिलेला. बाकी गावांत तो बिनबोभाट चालत होता. इथं मात्र बसवल्यापासून जोडणीच होईना.

तिनं कॉम्प्युटरवर यंत्राला दिसणाऱ्या वायफायची यादी उघडली. नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

"काका, वायफायला नाव काय दिलंय?"

"बसव्वा. नातीनं मराठीत घातलंय. आमची कारभारीण. हे केंद्र तिनंच घराच्या सोप्यात सुरू केलतं. संक्रांतीला गेली."

रक्षिताच्या लक्षात आलं. मराठी अक्षरं येतील हे तिनं धरलंच नव्हतं. प्रोग्रॅम न कळलेल्या अक्षराजागी प्रश्नचिन्ह मांडायचा आणि त्याच प्रश्नचिन्हांना हाका मारत बसायचा. ओ कोण देणार?

तिनं तिथंच दुरुस्ती केली. यादीत 'बसव्वा' उमटलं. काका वाकून बघून हसले. पण जोडणी काही होईना. यंत्रातला वायफायचा सुटा भाग बाहेरून तयार आणलेला. त्याच्या आतला प्रोग्रॅम तिला उघडता येत नव्हता. बनवणाऱ्यांना फोन लावला, तर म्हणाले, नाव इंग्रजीत ठेवा.

रांगेतून कुणीतरी ओरडलं, "ओ ताई, दूध नासाय लागलं की."

"काका, तेच नाव इंग्रजीत लिहू?"

काकांनी पडद्याच्या कोपऱ्याकडं बोट केलं. "मला इंग्रजी वाचाय येत न्हाय. सकाळी कॉम्प्युटर लावला की कोपऱ्यात तिचं नाव येतंय. तेवढं वाचतो नि कामाला लागतो."

रक्षितानं पुन्हा एकदा सगळं करून बघितलं. दोनदा यंत्र बंद-चालू केलं. मग तिचे हात थांबले.

"घाल बाई," काकाच म्हणाले. "लोकांचं दूध हाय."

तिनं इंग्रजीत नाव टाकलं. जोडणी झाली, वजनं धडाधड यायला लागली, रांग हलली. काका पडद्याच्या कोपऱ्याकडं बघत राहिले.

"ह्यात ब कुठला?"

तिनं पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.

"बरं," म्हणाले, आणि पुढची किटली घ्यायला वळले.