वाढत गेलेल्या गाड्या

बोईसरच्या दिनानाथला मूलबाळ नव्हतं. वाढत होत्या त्या त्याच्या खेळण्यातल्या आगगाड्या. आधी आली बोटभर इंजिनाची एन स्केल, खऱ्या गाडीच्या एकशेसाठाव्या हिश्श्याची. केमिकल कंपनीतली पाळी संपवून आला की हा बाबा तिच्या खिडक्यांत चिमट्यानं प्रवासी बसवत बसायचा, जेवणाचीही शुद्ध नसायची. मग ती विकून जवळपास दुप्पट मोठी एचओ आली. यंदा तर परदेशात लोक बागेत चालवतात ती ‘जी’ स्केल आली, एकेक डबा हातभर. पलंग भिंतीला लागला.

"पुढल्या वर्षी आपण फलाटावर झोपायचा का?" बायको विजया चिडवायची.

"मोठ्या गाडीची मजाच वेगळी हाय," तो म्हणायचा, आणि तिला ते खरं वाटायचं.

एका रविवारी दोघं स्कूटरवरून तिच्या माहेरी, मुरब्याला निघाले. भर उन्हात, गावच्या रस्त्याच्या कडेला जवळा सुकवायला पसरत बसलेल्या विजयाच्या जयवंतीआत्याच्या अंगावर दिनानाथनं सरळ स्कूटर घातली. ब्रेकसुद्धा दाबला नाही. आत्या दवाखान्यात वारली.

"एकदम उठून मधी आली," त्यानं सगळ्यांना सांगितलं. मागे बसलेल्या विजयानं सगळं पाहिलं होतं. पण चारचौघांत नवऱ्याला खोटं कसं पाडायचं? ती गप्प बसली. मग गावही म्हणू लागलं, म्हातारीचीच चूक.

आत्याचं दहावं उरकून घरी आल्यावर दिनानाथनं खेळण्यातली गाडी सुरू केली. इंजिनाला डबे जोडणारा आकडा नीट अडकलाच नव्हता. डबे स्टेशनातच राहिले आणि इंजिन एकटंच वळणावर गेलं.

"बघ, सगले डबे कसे ओळीनं वळतान!" तो कौतुकानं म्हणाला.

विजयानं गाडी बंद केली.

"कवापासून दिसत नाय तुमाला?"

त्याचा चेहरा उतरला. "एचओ घेतली तवापासून धूसर हाय. कंपनीत कळला तर घरी बसवतील. विजू, कुनाला बोलू नको."

तिला त्याची दया आली, आणि त्याहून जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी आत्याचा मुलगा नवशा दारात उभा राहिला. रडून डोळे सुजले होते त्याचे. "ताय, लोक बोलतान आयनंच जीव घालवला. खरंच ती मधी आली गो?"

दिनानाथ दारामागून हलक्या आवाजात म्हणाला, "विजू..."

"नाय रे नवशा," विजया म्हणाली. "आत्या जागची हलली नव्हती. यांना दिसत नाय, आनि ते यांना ठाऊक होता."