कुलूपवालीची वाट पाहणारी सुई

मित्रांनो, मी विणकामाची एक सुई आहे. आता जुनी झाले आहे आणि एकटी पडले आहे. नाकात दोरा ओवून मिरवणाऱ्या त्या बारक्या शिवणाच्या सुयांशी माझी गल्लत करू नका. मी चांगली वीत-दीड वीत लांब, अॅल्युमिनियमची, निळ्या रंगाची. मागे गोल टोपी आणि पुढे टोक. टोकावरचा रंग केव्हाच उडाला आहे. पण तो लोकरीने उडवला नाही, काचेने उडवला. तीच माझी गोष्ट.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तारेचं भेंडोळं सरळ करून आम्हाला कापलं, टोकं घासली, रंगात बुचकळलं आणि डोक्यावर टोपी ठोकली. आम्ही जन्मतो त्या दोघी दोघीच. मला आणि माझ्या बहिणीला एका पुठ्ठ्यावर शेजारी अडकवून दुकानात टांगलं होतं. तिथून आम्हाला वहिनींनी घेतलं. आधी आम्हाला एकमेकींवर वाजवून पाहिलं आणि दुकानदाराला विचारलं, "वाकणार नाहीत ना? माझ्या घरात वाकणारं कुणी चालत नाही." दुकानदार हसला. वहिनी हसल्या नाहीत.

वहिनी म्हणजे घरातल्या थोरल्या सूनबाई. त्या लोकांच्या मापाचे स्वेटर विणून देत. नवरा लिफ्टचा मेकॅनिक, दिवसभर वर-खाली करून थकलेला आणि मोजकं बोलणारा. एक मुलगी. आणि नवऱ्याची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नव्हतं, ती छापखान्यात टाइप करायला जायची. वहिनी तिला "वन्सं" म्हणत, ती त्यांना "वहिनी", आणि दोघी एकमेकींना अहो-जाहो करून जे काही ऐकवत, ते अरे-तुरे करूनही कुणाला जमलं नसतं. दोघींचं पटत नव्हतं असं नाही. पटवून घ्यायची गरज कुणालाच वाटत नव्हती.

एकदा छापखान्याने जुने कॉम्प्युटर काढून टाकले. वन्संनी त्यातला एक घरी आणून जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर मांडला. त्यात कुणाचा तरी एक खेळ राहून गेला होता.

तुम्ही हल्ली खेळता तसला तो खेळ नव्हता, मित्रांनो. पळापळ नाही, गोळीबार नाही. पडद्यावर एका खोलीचं चित्र असे आणि त्यात एक बाई उभी असे, कुलपं दुरुस्त करणारी. तिची बहीण एका रिकाम्या शहरात हरवली होती. चित्रातल्या वस्तूवर बाण न्यायचा आणि माउसची टिचकी मारायची. वस्तू कामाची असेल तर ती बाई उचलून पिशवीत टाकायची. कामाची नसेल तर म्हणायची, "हिचं इथे काही काम नाही." योग्य वस्तू योग्य जागी लावली की पुढचं दार उघडायचं. खेळाची भाषा परकी होती. वन्सं ती वाचून मराठीत सांगत. वहिनींनी त्या बाईचं नाव कुलूपवाली ठेवलं.

पहिले काही दिवस वहिनी लांबून विणता विणता टोमणे मारत होत्या. "एवढी शिकलेली बाई आणि एका दारापुढे ताटकळलीय." मग एका संध्याकाळी त्यांना राहवेना. त्या उठल्या आणि त्यांनी सरळ काचेवर बोट ठेवलं. "हे काय, पायपुसण्याखाली काहीतरी उंच झालंय. दिसत नाही?"

"वहिनी, काचेला बोट लावू नका. डाग पडतात."

"बरं, नाही लावत बोट."

आणि त्यांनी अर्ध्या बाहीतून मला खसकन ओढून काढलं. टाके सुटले. माझी बहीण बाहीत तशीच लोंबकळत राहिली. माझं टोक काचेवर टक् करून वाजलं, ते बरोबर पायपुसण्यावर. वन्संनी टिचकी मारली. खाली किल्ली होती.

त्या दिवसापासून मी दिवसा स्वेटर विणायची आणि संध्याकाळी वाट दाखवायची. दोन खुर्च्या चिकटून मांडलेल्या. वहिनी दाखवणार, वन्सं टिचकी मारणार. चुकलं की, "मी खिडकी म्हटलं, तुम्ही तिच्या पडद्यावर मारलंत!" बरोबर आलं की दोघी गप्प, कारण कौतुक करायचं दोघींच्या जिवावर यायचं. स्तुती माझीच व्हायची. "सुई चांगली आहे," असं वन्सं म्हणत. मी ते खरं मानून घेत असे.

खेळाचा दुसरा भाग आला, मग तिसरा. तिसऱ्या भागात घड्याळाच्या मनोऱ्यात दोघी अडकल्या. महिने गेले, पण दार उघडेना. मग एक दिवस वन्संनी मुकाट्याने तेलाची बाटली मोठ्या काट्याला लावली आणि दार उघडलं. मी हवेतच राहिले. वहिनींनी मला टेबलावर ठेवलं.

"वन्सं, तुम्ही चुकला नाहीत."

"म्हणजे?"

"तुम्ही आजवर कधी पहिल्या फटक्यात बरोबर आलात? कुणाला विचारलंत?"

छापखान्यात एक मासिक यायचं. त्यात अशा खेळांची उत्तरं छापून येत, आणि वन्संनी ती वाचली होती. त्यांनी कबूल केलं. वहिनी ओरडल्या नाहीत. "उत्तर मिळालं हो. पण आपण दोघी तिथे होतो ते गेलं ना," एवढंच म्हणाल्या आणि त्या अख्ख्या हिवाळ्यात त्या खुर्चीकडे फिरकल्या नाहीत. मी नुसती विणत राहिले. इतकं घट्ट विणकाम मी आयुष्यात केलं नाही. शेवटी वन्संनी शब्द दिला की यापुढे उत्तर बघणार नाही. कितीही अडलं तरी कुणाला विचारणार नाही. तेव्हा कुठे मी पुन्हा काचेवर वाजले.

चौथ्या भागाच्या शेवटी कुलूपवाली एका जिन्यावर पोचते. वर एक दार. दारामागून कुणीतरी तिला हाक मारतं. ती दाराला हात लावते, आणि खेळ संपतो. पाचव्या भागात पुढचं कळणार होतं. पण खेळ बनवणारी कंपनीच बंद पडली.

मग काय, वाट पाहणं आलं. वहिनींची मुलगी शिकली, नोकरीला लागली, तिचं लग्न झालं. वन्संच्या केसांत पांढरं आलं. जुना कॉम्प्युटर जाऊन लॅपटॉप आला. पण टेबलाच्या त्या कोपऱ्यात दोन खुर्च्या होत्या तशाच होत्या. अशी वाट पाहणारे जगभर विखुरलेले होते. इंटरनेटवर त्यांचं एक पान होतं. वन्सं ते वाचून दाखवत आणि वहिनी विणता विणता साऱ्या जगाशी भांडत. त्यातला एक बेकरीवाला होता, त्याचं नाव वहिनींनी पाववाला ठेवलं. त्याचं म्हणणं, दारामागचा आवाज बहिणीचा नाहीच. तो फसवा आवाज आहे, कुलूपवालीला अडकवायला कुणीतरी काढलेला.

"लिहा त्याला, वन्सं. बहिणीचा आवाज बहिणीला ओळखू येत नाही होय? म्हणावं, तू आपले पाव भाज."

वन्सं ते जरा मऊ करून लिहीत. पाववाला तरीही चिडायचा. वहिनींचा दिवस छान जायचा.

आणि एका दुपारी वन्सं छापखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आल्या, त्या दारातूनच ओरडत. "वहिनी! पाचवा भाग येतोय!" खेळ बनवणारे ते जुने कारागीर म्हातारे होऊन पुन्हा एकत्र आले होते. वहिनींनी ओळ पुरी केली, विणकाम खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "आले का? मला वाटलं, बाई तशीच दारात मरते." पण बोलता बोलता त्यांनी मला विणकामातून ओढून काढलं होतं. आणि त्या खुर्चीकडे निघाल्या होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात येणार, असं आधी सांगितलं. मग म्हणाले, पावसाळ्यानंतर. मग म्हणाले, अजून थोडं थांबा, नीट करतो आहोत. पानावर लोक कुरकुरू लागले. आमच्या घरात कुणी कुरकुरलं नाही, कारण तोवर वहिनींच्या फुप्फुसात आजार निघाला होता. डॉक्टरांनी नवऱ्याला बाहेर बोलावून सांगितलं. वहिनींनी आतूनच ऐकलं.

मी हातावरून सारं ओळखते, मित्रांनो. आधी पकड सैल झाली. मग टाके सुटायला लागले. मग एक दिवस त्यांनी निम्मी झालेली बाही माझ्या बहिणीसकट पिशवीत घातली आणि मला टेबलावर ठेवलं. "तू इथेच राहा. तुझं काम यायचंय."

वन्संनी विचारलं, "मी त्या कारागिरांना लिहू का? आजारी माणसांना काही लोक खेळ आधी देतात म्हणे. जसा असेल तसा मागते."

"अर्धा स्वेटर मी कधी गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवला का? पुरा होऊ दे त्यांचा."

"पण वहिनी..."

"पण नाही. घाई नाही म्हणावं मला. फक्त मी असताना या."

वन्संनी लिहिलं नाही. लिहायला हवं होतं का? मी सुई आहे, मला टोक आहे, उत्तर नाही.

मग कारागिरांनी नमुना म्हणून पहिली खोली सगळ्यांसाठी खुली केली. एकच खोली, शेवटी तेच जिन्याचं दार, आणि दार बंद. मुलगी आईला बघायला आली होती. तिने आईला उशा लावून खुर्चीत बसवलं. "आई, सुई टेकवू नकोस हं. हल्लीचे स्क्रीन नाजूक असतात." म्हणून वहिनींनी मला काचेपासून बोटभर लांब धरलं. मी इतकी हलत होते की नेमकं काय दाखवतेय ते वन्संना कळेना. त्यांनी वहिनींच्या मनगटाखाली आपला डावा हात धरला. मग मी स्थिर झाले.

खोलीत एक चूल होती आणि चुलीवर किटली.

"ती घ्या," वहिनी म्हणाल्या.

वन्संनी टिचकी मारली. कुलूपवाली म्हणाली, "हिचं इथे काही काम नाही."

"आत्ता नसेल. पुढे लागणार बघा. एवढी छान किटली कुणी उगाच काढत नाही. लक्षात ठेवा, वन्सं."

"ठेवते."

वहिनींनी मला लॅपटॉपच्या कडेला ठेवलं, टोक पडद्याकडे करून. त्यानंतर त्यांनी मला उचललं नाही. खेळ यायच्या आत त्या गेल्या.

कपाट आवरताना मुलीने लोकरीची पिशवी कुणा गरजूला दिली. त्या बाहीत माझी बहीण होती. मला हातात घेऊन मुलगी म्हणाली, "ह्या एकट्या सुईचं आता काय काम?" वन्संनी मला तिच्या हातातून काढून घेतलं आणि होते तिथे ठेवलं.

झाडांची पानं गळायला लागली आणि खेळ आला. वन्संनी लॅपटॉप उघडला. दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, रिकामी खुर्ची उचलायला आले.

"राहू दे, दादा."

त्यांनी खुर्ची उलट टेबलाजवळ ओढली. "मी बसू का?" आणि बसले. मला हातात घेतलं. लिफ्टच्या तारा ओढणारा तो हात, त्यात मी काडीसारखी. बराच वेळ ते चित्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला यातलं काहीच दिसत नाही गं. ती कसं काय बघायची?" मला हळूच खाली ठेवून ते आत गेले.

वन्सं एकट्या खेळल्या. डाव्या हातात मी, उजव्या हातात माउस. आधी मी दाखवायचं, मग त्यांनी टिचकी मारायची. चुकत, अडत, पुन्हा मागे येत एकदाचं ते दार उघडलं. दारामागे बहीणच होती. म्हातारी झालेली, पण तीच. वन्सं चटकन बाजूच्या खुर्चीकडे वळल्या. तोंड उघडलं होतं. मग पडद्याकडे वळून त्यांनी पुढची टिचकी मारली.

पानावर पाववाल्याचं लिहिलेलं आलं. वहिनी गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. "तुमच्या वहिनींना सांगा, मी हरलो. आवाज बहिणीचाच होता. त्या फार हसतील ना?"

वन्संनी एकच शब्द लिहिला, "सांगते."

खेळ संपला. पिशवीतली एक एक वस्तू कामी आली होती. किटली मात्र तिथेच चुलीवर राहिली. वन्सं पहिल्या खोलीत परत गेल्या आणि मला किटलीवर धरून त्यांनी टिचकी मारली. "हिचं इथे काही काम नाही." मग त्यांनी खेळ पहिल्यापासून सुरू केला. प्रत्येक दार उघडलं की त्या मागे येतात, मला किटलीवर धरतात, टिचकी मारतात. कधी पिशवीतली सगळी हत्यारं तिला लावून बघतात. कुलूपवाली तेच म्हणते.

आता त्या पानावर सगळी उत्तरं मांडलेली आहेत. किटली कशाला आहे ते पाववाल्याला विचारलं तर क्षणात कळेल. खरंच कामाची आहे, की कुणा चित्रकाराने उगाच काढली, ते कळेल. वन्सं विचारत नाहीत. शब्द दिलाय म्हणून विचारत नाहीत, असं त्या दादांना सांगतात. पण मी त्यांच्या मुठीत असते. विचारलं आणि वहिनी चुकल्या असं निघालं तर, ही भीती मला त्या मुठीत कळते. आणि बरोबर होत्या असं निघालं, तर मग दोघींनी मिळून शोधायचं काहीच उरणार नाही, हीसुद्धा.

मित्रांनो, उपदेश करायची मला हौस नाही. पण टोक आहे तर टोचणारच. तुम्हीही कशाची तरी वाट बघत असाल, कुणाबरोबर तरी. जे यायचंय ते त्याच्या वेळेने येईल, ते तुमच्या हातात नाही. शेजारची खुर्ची तेवढी आज भरलेली आहे का ते बघा, आणि भरलेली असेल तर मनगटाखाली हात धरायला लाजू नका. आणि घरात जोडीतली एखादी एकटी सुई सापडली, तर फेकण्याआधी तिच्या टोकाचा रंग कशाने उडाला ते एकदा विचारा.

चला, वन्संनी मला उचललंय. खुर्ची नीट सरकवली आहे, शेजारचीही. चुलीवर किटली आहे. मी दाखवते आहे.

टिचकी वाजली.

"हिचं इथे काही काम नाही."

"असेल, असेल," वन्सं हळूच म्हणाल्या. "पुढे लागेल."